किती आणि किती वेळात

करवंटीचा कोळसा आठशे-नऊशे अंश सेल्सियस तापमानात वाफेच्या सान्निध्यात काही काळ ठेवला, म्हणजे त्यातील कार्बनचा काही अंश वायुरूपाने निघून जातो आणि मागे उरलेल्या काळ्या कणांत इतकी सूक्ष्म व इतकी असंख्य रंध्रे निर्माण होतात, की अशा एका ग्रॅम कोळशाचे अंतर्गत पृष्ठफळ हजार चौरस मीटरांच्या, म्हणजे आमच्या रोहे तालुक्यातील जमिनीच्या हिशेबाने सुमारे दहा गुंठ्यांच्या, घरात जाते. ही गोष्ट सांगताना प्रत्येक शिक्षकाचा आवाज किंचित चढतो आणि ऐकताना प्रत्येक विद्यार्थ्याचे डोळे विस्फारतात; माझेही विस्फारले होते. पुढे नोकरीच्या निमित्ताने नागोठण्याच्या परिसरात आलो, वायू शोषून घेणाऱ्या या कोळशाशी रोजचा संबंध आला, आणि हळूहळू ध्यानात येत गेले की त्या दहा गुंठ्यांचा विस्तार जितका महत्त्वाचा, तितकाच, किंबहुना पुष्कळ प्रसंगी त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न, त्या विस्तारापर्यंत पोहोचावयास वायूच्या रेणूला किती वेळ लागतो, हा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालाबरोबर येणाऱ्या प्रमाणपत्रावर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने काढावयाचे असते, आणि ते काढण्यात माझ्या उमेदीच्या वर्षांचा मोठा भाग गेला.

नागोठणे हे गाव अंबा नदीच्या काठी आहे. खंडाळ्याकडील डोंगरांतून उतरलेली ही नदी पालीवरून येथे येते, आणि येथेच तिला धरमतरच्या खाडीतून वर चढणारे भरतीचे पाणी भेटते. नदीवरचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांनी बांधविला असे सांगतात. भरतीच्या पाण्यावर गलबते येथवर येत, तोवर या गावाला बंदराची प्रतिष्ठा होती, आणि रायगडच्या, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याच्या, जंगलांतील लाकूडफाटा व कोळसा अशा खाड्यांमधूनच मुंबईकडे रवाना होत असे. पुढे 1974 साली मुंबई हायच्या समुद्रतळाखाली तेल व वायू सापडले, तो वायू उरणला किनाऱ्यावर आला, आणि त्यातील इथेन-प्रोपेन नळांवाटे नागोठण्यास आणून त्यांपासून इथिलीन व पुढे प्लॅस्टिके बनविणारे प्रचंड संकुल ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस येथे उभे राहिले. त्या संकुलाच्या आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या आधाराने जे लहानमोठे कारखाने या टापूत निघाले, त्यांपैकी एकाच्या प्रयोगशाळेत मी होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. काम मात्र तपशिलाने सांगण्याजोगे आहे.

आमच्याकडे ज्वालाग्राही द्रावकांच्या टाक्या होत्या. अशा टाकीत द्रवाच्या वर जी मोकळी जागा राहते तीत हवा असली, तर द्रावकाची वाफ आणि हवेतला ऑक्सिजन यांचे मिश्रण एका ठिणगीची वाट पाहत असते. म्हणून त्या जागेत नायट्रोजन भरून ठेवावयाचा असतो. हा नायट्रोजन आम्ही हवेतूनच वेगळा काढीत असू, आणि तो काढण्याचे साधन म्हणजे कार्बनची रेण्वीय चाळणी: दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या, काळ्या, चमकदार, शेवेच्या तुकड्यांसारख्या कांड्यांनी भरलेले दोन उंच मनोरे. सुमारे सात वातावरणांच्या दाबाची हवा एका मनोऱ्यात सोडावयाची, मिनिटभर ठेवावयाची, वरून नायट्रोजन घ्यावयाचा. मग झडपा फिरवून दुसऱ्या मनोऱ्याकडे वळावयाचे आणि पहिल्याचा दाब सोडून देऊन त्याने शोषलेले बाहेर टाकावयाचे. दिवसरात्र हे चालू असे, आणि झडपा फिरताना होणारा तो सुस्काऱ्यासारखा आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो दहा सेकंद उशिरा झाला तरी प्रयोगशाळेतली माणसे मान वर करीत.

या साधनातील मर्माची गोष्ट अशी की पुरेसा अवधी मिळाल्यास हा कार्बन ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात शोषून घेतो. समतोलावस्थेत, म्हणजे जेव्हा आत जाणारे आणि बाहेर येणारे रेणू सारखे होतात तेव्हा, या दोघांत निवड करण्याजोगे काही उरतच नाही. निवड होते ती केवळ वेगामुळे. ऑक्सिजनच्या रेणूचा गतिकीय व्यास 3.46 अँगस्ट्रॉम आणि नायट्रोजनचा 3.64 अँगस्ट्रॉम, अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग, आणि या दोघांत फरक आहे तो त्याच्याही पाचव्या हिश्शाहून कमी. परंतु रंध्राचे मुख नेमके त्याच मापाचे केलेले असल्यामुळे एवढ्या फरकाने ऑक्सिजन कित्येक पटींनी लवकर आत शिरतो, आणि तो आत गेलेला असताना व नायट्रोजन अद्याप बाहेर रेंगाळत असताना मनोऱ्याची झडप फिरविली, की काम साधते. सत्तरच्या दशकात जर्मनीतील एसेन येथील बेर्गबाउ-फॉर्शुंग या कोळसा-संशोधनसंस्थेने ही विद्या पूर्णतेस नेली. रंध्रांच्या मुखाशी हायड्रोकार्बनच्या वाफेचे विघटन घडवून आणून कार्बनचा पातळ लेप बसवावयाचा आणि ते मुख हवे तितकेच अरुंद करावयाचे, ही त्यांची युक्ती. घड्याळ काढून घेतले तर या मनोऱ्यांना काही अर्थच उरत नाही, इतके ते काळावर अवलंबून आहेत. आणि तरीही आमच्या दफ्तरी त्या मालाविषयी जो कागद होता त्यावर दोन आकडे होते: घनता आणि धारणाशक्ती. वेगाविषयी एक अक्षर नव्हते.

आमचे उपकरण साधे होते. पोलादाचे दोन बंद कोष, मधे एक झडप, दोहोंभोवती स्थिर तापमानाच्या पाण्याचे भांडे, आणि दाब मोजणारा संवेदक, ज्याची तार एका आलेखयंत्रास जोडलेली. एका कोषात नमुना, दुसऱ्यात वायू. नमुना प्रथम निर्वातात तापवून त्याने पूर्वी जे काही धरून ठेवले असेल ते काढून टाकावयाचे. मग झडप उघडावयाची, आणि आलेखयंत्राची लेखणी सरकत्या कागदावर दाबाची उतरती रेषा काढू लागे. ऑक्सिजनची रेषा झर्रकन खाली येऊन मिनिटभरात जवळजवळ आडवी होई. नायट्रोजनची रेषा मात्र इतकी संथ उतरे, की आमच्या प्रयोगशाळेतले पेणकडचे मदतनीस, ज्यांच्याकडे तो कागद बदलण्याचे काम होते, ते मधूनच येऊन सांगत, "साहेब, रेघ अजून उतरतेय," आणि चहा घेऊन परत आले तरी ती उतरतच असे. त्या दोन रेषा एकाच कागदावर शेजारी शेजारी पाहणे हा माझ्या आयुष्यातील एक निर्मळ आनंद होता. काही मिलिमीटर अंतर राखून चाललेल्या त्या शाईच्या दोन ओळींत 0.18 अँगस्ट्रॉमचा भेद डोळ्यांना दिसत असे.

रेषा काढणे हा कामाचा लहान भाग; तिचे कारण शोधणे हा मोठा. कोळसा वायू शोषतो ही गोष्ट शेले यांनी 1773 साली नोंदविली. द सॉस्यूर यांनी 1814 साली अनेक वायूंवर पद्धतशीर प्रयोग केले. आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लँगम्यूर यांनी पृष्ठभागावर रेणूंचा एकेरी थर कसा बसतो याचे असे सुबक गणित मांडले, की 'किती' या प्रश्नाला शास्त्राचे अधिष्ठान लाभले. 'किती वेळात' या प्रश्नाची निकड मात्र युद्धाने आणली. एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडला गेला, त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी क्रियाशील कोळशाचा मुखवटा सिद्ध केला, आणि मुखवट्यातील कोळसा किती विष धरतो एवढे पुरेसे नसून श्वास आत घेण्याच्या त्या क्षणार्धात तो ते धरतो किंवा नाही यावर मनुष्याचे प्राण अवलंबून आहेत, हे भयंकर रीतीने स्पष्ट झाले. बोहार्ट आणि ॲडम्स यांनी 1920 साली कोळशाच्या थरातून क्लोरीन पुढे कसा सरकतो याचे जे समीकरण प्रसिद्ध केले, त्याचे मूळ याच अनुभवात आहे, आणि आजही अभियंते ते वापरतात.

वेगाची गणिती प्रतिमाने पुष्कळ आहेत. लागरग्रेन यांचे 1898 चे एक समीकरण आहे, ज्यात शोषणाचा वेग उरलेल्या रिकाम्या जागेच्या प्रमाणात असतो. दुसरे एक आहे, ज्यात तो त्या जागेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ही दोन समीकरणे मोजलेल्या बिंदूंवर बसवून, ज्याची रेषा बिंदूंच्या अधिक जवळून जाईल ते खरे, असा निर्वाळा देण्याची जी प्रथा शोधनिबंधांत बोकाळली आहे, तिच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि ते मी लपवून ठेवीत नाही. दोन-तीन मोकळे गुणांक हाती असले म्हणजे कोणतीही उतरती रेषा जुळविता येते. तिच्या जुळण्याने रेणू रंध्रात कसा शिरला याची साक्ष मिळत नाही. साक्ष मिळते ती प्रयोगाची परिस्थिती मुद्दाम बदलून, प्रतिमानाने अगोदर वर्तविलेला बदल घडतो की नाही हे पाहिल्याने.

याचा अर्थ उलगडण्यासाठी आमच्याच मुलखाचा आधार घेतो. पेणच्या खारेपाटात भरतीचे पाणी प्रथम रुंद खाडीतून येते, खाडीतून ओहोळांत शिरते आणि ओहोळांच्या शेवटी बांधांतील उघाड्यांपाशी पोहोचते. उघाडीचे दार मोकळे असेल तर शेत किती वेळात भरेल हे ओहोळांच्या लांबीवर ठरेल, आणि दार चिंचोळे असेल तर ओहोळ कितीही लांब असो वा आखूड, शेताला तितकाच वेळ लागेल. कोळशाच्या कणातही रुंद रंध्रांतून अरुंद रंध्रांकडे आणि अरुंद रंध्रांतून अतिसूक्ष्म रंध्रांकडे अशीच वाट असते, आणि अडथळा वाटेत आहे की दारात, हाच खरा प्रश्न. अडथळा वाटभर पसरलेला असेल, म्हणजे रेणू कणाच्या गाभ्याकडे विसरणाने वाट काढीत असतील, तर आरंभी शोषलेली मात्रा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: एका मिनिटात जितके आत गेले, त्याच्या दुप्पट जावयास चार मिनिटे लागतात. अडथळा दारात असेल, तर आरंभी मात्रा सरळ काळाच्या प्रमाणात वाढते आणि दुप्पट होण्यास दोनच मिनिटे पुरतात. आणि दुसरी, अधिक निर्णायक परीक्षा अशी, की वाट कणाच्या लांबीरुंदीची असेल तर कणाचे माप निम्मे केल्यावर लागणारा काळ चतुर्थांशावर यावयास हवा; दार सूक्ष्म रंध्राच्या मुखाशी असेल तर कण खलबत्त्यात कुटून बारीक केला तरी काळ तसाच राहावयास हवा.

आम्ही कांड्या कुटल्या, जाळ्यांतून चाळून वेगवेगळ्या मापांचे ढीग केले, आणि प्रत्येकाची रेषा काढली. ऑक्सिजनच्या सगळ्या रेषा एकमेकींवर बसल्या. अडथळा दारात होता. एसेनच्या शास्त्रज्ञांनी रंध्रांच्या मुखाशी जो लेप बसविला होता तो आपले काम करीत होता, आणि कांडीची जाडी त्या कामात कसलाही हस्तक्षेप करीत नव्हती. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या हातांनी कुटलेल्या भुकटीतून पुन्हा सिद्ध होताना पाहणे यात जे समाधान आहे ते नव्या शोधाच्या समाधानाहून मला कधी उणे वाटले नाही.

ही रीत मी कोठे शिकलो हे सांगणे कृतज्ञतेचे आहे. माटुंग्याच्या आमच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, जो 1933 साली मुंबई विद्यापीठाचा भाग म्हणून सुरू झाला, डॉ. मन मोहन शर्मा यांच्या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक प्रक्रियेपुढे उभे राहून पहिला प्रश्न विचारण्याची सवय लागे: या साखळीतील सर्वांत मंद कडी कोणती? वायू द्रवात विरघळत असो वा घन पदार्थावर बसत असो, नियंत्रण कोणाच्या हाती आहे हे ठरल्याशिवाय गणिताला हात घालावयाचा नाही. शर्मा आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे डॉ. एल. के. दोराईस्वामी यांनी मिळून विषमावस्थ अभिक्रियांवर 1984 साली जो दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याची प्रत आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होती आणि तिच्या कडा बोटांनी काळ्या झाल्या होत्या. त्या ग्रंथाचा विषय आमच्या मनोऱ्यांहून निराळा. पण विचाराची जी शिस्त त्याच्या पानापानांत आहे, ती आम्हाला पुरेपूर लागू पडली.

या परिसरातच कोळशाविषयीचे आणखी एक ज्ञान मी पाहिले, ज्याचा उल्लेख टाळणे मला कृतघ्नपणाचे वाटेल. रायगडच्या डोंगरांतील कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्या लावीत आली; आजही पुष्कळ कुटुंबे ठेकेदाराकडून उचल घेऊन दिवाळीनंतर दूरदूरच्या जिल्ह्यांत भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात, आणि त्या उचलीच्या पायी त्यांना जे सोसावे लागते ते कोणत्याही सुजाण माणसाला अस्वस्थ करणारे आहे. एकदा सुधागडच्या बाजूला असा एक वृद्ध भट्टीवाला भेटला. लाकडाची रचलेली रास पाल्याने व मातीने लिंपून टाकलेली, बुंध्याशी बोटभर भोके, आणि तो त्या भोकांपैकी एक पायाने मातीने बुजवीत होता. मी विचारले, "बाबा, आता का बुजवता?" तो म्हणाला, "धूर निळा व्हाया लागला. पांढरा होता तवर पाणी जात होतं." शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर प्रथम ओल जाते, मग लाकडाचे विघटन होते, आणि त्यानंतर हवा आत राहिली तर कार्बनच जळू लागतो, या तीन अवस्थांचे काळ त्याला धुराच्या रंगावरून वाचता येत होते. किती कोळसा निघेल हे त्याच्या दृष्टीने रास रचतानाच ठरलेले होते. त्याचे सारे लक्ष केव्हा, याकडे लागलेले होते.

आता त्या पावसाळ्याची हकीकत सांगतो, जिच्यामुळे आमच्या कारखान्यात वेगाच्या मापनाला मान मिळाला. जुलैच्या मध्यास, सलग पावसाच्या दिवसांत, मनोऱ्यांतून निघणाऱ्या नायट्रोजनात ऑक्सिजनचे प्रमाण वाढू लागले. प्रथम थोडे, मग इतके, की टाक्यांच्या सुरक्षिततेसाठी काम मंदावणे भाग पडले. व्यवस्थापनाने रीतसर मालाचा नमुना पुरवठादाराकडे तपासणीसाठी रवाना केला, आणि काही दिवसांनी लेखी अहवाल आला: नमुन्याची धारणाशक्ती व घनता कराराबरहुकूम, सबब मालात दोष नाही. अहवालात खोटे काहीच नव्हते. आम्हीही आमच्या उपकरणात नमुना घेतला, निर्वातात तापविला, रेषा काढली, आणि ती नव्या मालाच्या रेषेशी तंतोतंत जुळली. तरीही मनोऱ्यातून ऑक्सिजन निसटत होता.

खुलासा त्या तापविण्यात होता. चाचणीची पहिलीच पायरी नमुन्याने जे धरून ठेवले आहे ते काढून टाकण्याची; म्हणजे ज्याने गोंधळ केला असेल त्याला चौकशीपूर्वीच निरोप देऊन टाकण्याची. नागोठण्याच्या जुलैतली हवा ओलाव्याने गच्च भरलेली असते. ती सात वातावरणांच्या दाबापर्यंत दाबली म्हणजे तिच्यातल्या बाष्पाचा मोठा भाग पाणी होऊन पडतो, आणि उरलेले बाष्प शीतक शुष्ककाने काढावयाचे असते. कार्बनचा स्वभाव असा की पाण्याकडे तो प्रथम पाठ फिरवितो. सापेक्ष आर्द्रता कमी असेपर्यंत तो जवळजवळ काहीच घेत नाही, परंतु ती निम्म्याच्या पुढे गेली की पाण्याचे रेणू एकमेकांचा हात धरून रंध्रांत शिरतात आणि मात्रा एकाएकी उसळते. म्हणून शुष्ककाच्या कामात थोडी कसूर झाली तर काहीच दिसत नाही, आणि आणखी थोडी झाली तर सारेच दिसते.

मी नवी चाचणी सुचविली. मनोरा उघडून तळाच्या, मधल्या आणि वरच्या थरांतील कांड्या नायट्रोजनखालीच बाटल्यांत भरावयाच्या, बुचे मेणाने बंद करावयाची, आणि उपकरणात त्यांना निर्वातात न नेता, न तापविता, आहेत त्या अवस्थेत, कोषातील नायट्रोजनच्या दाबावरूनच वरच्या दाबाच्या ऑक्सिजनची पायरी द्यावयाची. तुलनेसाठी नव्या मालालाही हीच वागणूक. कामाच्या रगाड्यात मनोरा उघडण्याची परवानगी मिळविणे सोपे नव्हते. त्यासाठी जो अर्ज मी लिहिला त्यात धारणाशक्तीविषयी एकही वाक्य नव्हते, केवळ वेगाविषयी होते, आणि आमच्या उत्पादनप्रमुखांनी तो वाचून समासात "करून पाहावे" एवढाच शेरा मारून सही केली. त्या दोन शब्दांबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

वरच्या थराची रेषा नव्या मालासारखीच झर्रकन उतरली. मधल्या थराची किंचित आळसावलेली. तळाच्या थराची रेषा पाहताना प्रयोगशाळेत कोणी बोलत नव्हते. ऑक्सिजनची ती रेषा नायट्रोजनच्या रेषेसारखी संथ उतरत होती. ज्या बाजूने ओली हवा शिरत होती तेथे पाण्याच्या रेणूंनी रंध्रांची मुखे अडविली होती, त्यामुळे नेमून दिलेल्या मिनिटभरात तेथला कार्बन आपले काम पुरे करू शकत नव्हता, आणि सारा भार वरच्या थरांवर पडून ऑक्सिजन माथ्यावरून निसटत होता. तळाचाच नमुना मग तापवून पुन्हा घेतला, तेव्हा त्याची रेषा पूर्ववत झाली. माल निर्दोष होता. पुरवठादाराचा अहवालही अक्षरशः खरा होता. शुष्ककाच्या निचऱ्याची झडप चिखलाने अडकलेली सापडली, ती साफ झाली, कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहाने मनोऱ्यांतील ओल हळूहळू काढण्यात आली, आणि काही आठवड्यांत आकडे जाग्यावर आले.

यानंतर मनोऱ्याचे संपूर्ण प्रतिमान बांधण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक कांडीच्या आत काय घडते ते सविस्तर सोडवीत बसलो तर त्या काळच्या संगणकाला एका आवर्तनासाठी रात्र लागे. म्हणून ग्लूकाउफ यांनी 1955 साली दिलेली प्रसिद्ध सुलभ रीत वापरावयाची, जिच्यात विसरणांकास त्रिज्येच्या वर्गाने भागून आलेल्या संख्येची पंधरापट हा वेगाचा गुणांक मानतात आणि वेग केवळ उरलेल्या अंतराच्या प्रमाणात धरतात. ही रीत सर्वत्र चालते असा समज आहे, तो बरोबर नाही. आवर्तन फार आखूड झाले तर विसरणाचा आरंभीचा, वर्गमुळाच्या नियमाने धावणारा टप्पाच महत्त्वाचा ठरतो, आणि पंधरा हा आकडा अपुरा पडतो. नाकाओ आणि सुझुकी यांनी 1983 साली हे दाखवून दिले आहे. आमच्या बाबतीत अडथळा दारातच असल्यामुळे सरळ प्रमाणाचा नियम हा सोयीचा अंदाज न राहता वस्तुस्थितीचेच वर्णन झाला होता, आणि ते आम्हाला ठाऊक होते ते खलबत्त्यात कुटलेल्या भुकटीमुळे. समीकरण तेच, पण ते का लागू आहे हे माहीत असल्याने त्याच्यावर किती भार टाकावयाचा हे कळत होते.

आणखी एका गोष्टीची खातरजमा प्रत्येक वेळी करावी लागे, ती उष्णतेची. वायू कार्बनवर बसतो तेव्हा उष्णता बाहेर पडते, कण तापतो, तापलेला कण कमी वायू धरतो, आणि मग तो थंड होईल तसतसा उरलेला वायू सावकाश आत ओढतो. त्यामुळे रेषेला एक लांब शेपूट फुटते, जी वायूच्या विसरणाची नसून उष्णतेच्या निघून जाण्याची असते. अनभ्यस्त डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि प्रतिमान दोहोंवर सारख्याच खुशीने बसते. ओळखण्याचा उपाय असा की कोषातील नमुना निम्मा करावयाचा आणि त्याचा थर पातळ पसरावयाचा: शेपूट उष्णतेची असेल तर ती आखडते, वायूची असेल तर तशीच राहते. कार्बन डायॉक्साइडवर काम करताना या परीक्षेने आमच्या कित्येक सुंदर रेषा बाद ठरविल्या. त्या बाद रेषा मी जपून ठेवल्या आहेत, कारण शोषणाचे गणित शिकू इच्छिणाऱ्याला पहिल्या दिवशी दाखवावयास त्यांच्याइतके चांगले दुसरे काही नाही.

नव्या मालाच्या खरेदीच्या करारनाम्यात पुढे एक तिसरा रकाना आला. धारणाशक्ती आणि घनता यांच्याखाली आता ऑक्सिजनचा व नायट्रोजनचा अर्धकाळ, म्हणजे अंतिम मात्रेच्या निम्मी मात्रा आत जावयास लागणारा वेळ, दोन वेगवेगळ्या कणमापांवर मोजून लिहावा लागतो, आणि तो जसा नव्या मालाचा तसाच दर पावसाळ्यानंतर मनोऱ्याच्या तळातून काढलेल्या, न तापविलेल्या नमुन्याचाही. नायट्रोजनची रेषा मात्र अजून पुरती उलगडलेली नाही. आरंभी ती दाराच्या नियमाने चालते, पण अखेरीस तिला अपेक्षेहून लांब शेपूट राहते, आणि दार व वाट अशा दोन्ही अडथळ्यांचे संयुक्त प्रतिमानही ती पूर्णपणे पकडीत नाही. ते काम आता रोह्याच्या एका तरुण रसायनतज्ज्ञ मुलीकडे आहे. तिने समीकरणांना हात लावण्यापूर्वी नमुन्याचे वजन निम्म्यावर आणून पहिली रेषा काढली, आणि शेपूट आखडलेली नाही.